पार्सलात काय आहे?

विषय कायद्याचा आणि कराचा आहे, म्हणजे कोरडा. म्हणून सुरुवात शब्दांपासून करतो. कविता लिहिणाऱ्याला तीच वाट सोपी वाटते.

'जकात' हा शब्द घ्या. आमच्या घरात जकात म्हणजे वर्षभर शिलकीत राहिलेल्या पैशातला चाळिसावा हिस्सा, गोरगरिबांचा हक्क म्हणून बाजूला काढायचा. घराबाहेर पडलं की हाच शब्द शहराच्या वेशीवर दांडी आडवी करून उभा असायचा. मालाचा ट्रक आला की थांबवायचा, ताडपत्री वर करून बघायची, पावती फाडायची. मुंबईतला जकात नाका १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा इतिहासजमा झाला, पण शब्द अजून तोंडात आहे. 'महसूल' आणि टपालाचं 'हशील' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. इंग्रजीतला 'टॅरिफ'सुद्धा अरबी 'तारीफ'वरूनच गेला. मूळ अर्थ कळवणं, ओळख करून देणं. आपण कौतुकाला तारीफ म्हणतो तो शब्दही हाच. कराची तारीफ मात्र अजून कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

'बंदूक'ही अरबीतून आली आणि 'तंबाखू' पोर्तुगिजांबरोबर गलबतातून उतरली. या दोन वस्तू घराघरांतून पार्सलाने मागवल्या जाऊ लागल्या, तेव्हा एका मोठ्या देशाला काय काय करावं लागलं, ते आज सांगायचं आहे. तो देश म्हणजे अमेरिका.

तुम्ही म्हणाल, बंदूक आणि तंबाखूचा काय संबंध? अमेरिकेत तो संबंध सरकारी पाटीवरच लिहिलेला होता. १९७२ साली तिथल्या अर्थखात्यात एक स्वतंत्र विभाग निघाला. त्याच्या नावातच दारू, तंबाखू आणि बंदुका एकत्र होत्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एटीएफ' म्हणतात. या तीन वस्तू एका छपराखाली आल्या त्याचं कारण साधं होतं. तिन्हींवर केंद्राचा कर होता, आणि कर चुकवणाऱ्यांना पकडायला माणसं लागत होती. पुढे जानेवारी २००३ मध्ये एटीएफ न्यायखात्याकडे गेलं आणि कर गोळा करण्याचं काम अर्थखात्यातल्या वेगळ्या कार्यालयाकडे राहिलं. म्हणजे आधी हा मामला पैशाचा मानला जात होता, गुन्ह्याचा तो नंतर झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे नियम समजायला सोपे जातात.

आता खरी अडचण. दुकानात विक्री होते तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं असतं. पोरसवदा आहे की प्रौढ, शुद्धीत आहे की नाही, दुकानदाराला दिसतं. पार्सलाला चेहरा नसतो. वर नाव आणि पत्ता असतो, आणि नाव काय, कोणीही काहीही लिहावं. शिवाय पार्सल एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात जातं. अमेरिकेत पन्नास राज्यं, प्रत्येकाचे कायदे वेगळे, कर वेगळे. टपाल खातं किंवा कुरिअर कंपनी प्रत्येक खोका उघडून बघू शकत नाही. मग कायद्याने उभं राहायचं कुठे? विकणाऱ्याच्या दुकानात, वाहणाऱ्याच्या गाडीत, की घेणाऱ्याच्या दाराशी? गेली जवळजवळ शंभर वर्षं अमेरिका याच प्रश्नाशी झटते आहे.

पहिलं पाऊल पडलं १९२७ साली. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर अशी अंगावर लपवता येणारी हत्यारं सरकारी टपालातून सामान्य माणसाला पाठवायला मनाई झाली. पण मनाई फक्त सरकारी टपालाला होती. खासगी एक्स्प्रेस कंपन्या रेल्वेने माल पोचवायच्या, त्यांना कायद्याने हात लावला नाही. दरवाजा लावला आणि खिडकी उघडी ठेवली, असा प्रकार.

दुसरं पाऊल १९३४ साली. दारूबंदीच्या काळात तिथे गुंडांच्या टोळ्या माजल्या होत्या, मशिनगनी रस्त्यावर आल्या होत्या. पण केंद्र सरकारला बंदुकीवर थेट बंदी घालण्याचा अधिकार आहे का, याबद्दल शंका होती. कर लावण्याचा अधिकार मात्र नक्की होता. म्हणून कराच्या वाटेने कायदा आला. मशिनगन, आखूड नळीची बंदूक, आवाज दाबणारं सायलेन्सर, यांपैकी काहीही बनवायचं किंवा दुसऱ्याच्या नावावर करायचं तर दोनशे डॉलर कर भरा आणि नोंदणी करा. त्या काळात दोनशे डॉलर म्हणजे जवळपास एका थॉमसन मशिनगनची किंमत. आजच्या हिशेबाने साडेचार हजार डॉलरांहून अधिक. वस्तूइतकाच कर लावला की नाव कराचं असतं आणि काम बंदीचं होतं. १९३७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कर म्हणून वैध ठरवला.

दोन वर्षांनी, १९३९ साली, याच कायद्याखालचा आणखी एक खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. जॅक मिलर आणि फ्रँक लेटन हे दोघे ओक्लाहोमा राज्यातल्या क्लेअरमोरहून आर्कान्सा राज्यातल्या सायलोम स्प्रिंग्जला एक आखूड नळीची शॉटगन घेऊन गेले. कर भरलेला नव्हता, नोंदणी नव्हती. त्यांच्यावरचा आरोप एवढाच होता, की विनानोंदणीचं हत्यार त्यांनी राज्याची हद्द ओलांडून नेलं. बंदूक बाळगण्याच्या घटनात्मक हक्कावर या खटल्याचा दाखला पुढे सत्तर वर्षं दिला जात होता. मुळात तो खटला होता एका वस्तूच्या वाहतुकीचा.

आता या कराचं पुढे काय झालं बघा. दोनशे डॉलर हा आकडा कायद्यात लिहिला गेला आणि तसाच राहिला. महागाई वाढत गेली, पगार वाढले, बंदुकांच्या किमती वाढल्या, पण दोनशेचे दोनशेच. एके काळी श्रीमंताला विचार करायला लावणारी रक्कम हळूहळू हौशी माणसाच्या खिशात मावू लागली. २०२५ साली नवा कायदा झाला, आणि १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा हा कर शून्य झाला. नोंदणी राहिली. मशिनगन आणि स्फोटक हत्यारांवर दोनशे डॉलर कायम आहेत. ठरावीक रकमेचा कर हा बर्फाच्या लादीसारखा असतो. कोणी रद्द केला नाही तरी तो विरघळत राहतो.

आता १९२७ सालच्या त्या उघड्या खिडकीकडे परत येऊ. तिची किंमत १९६३ साली मोजावी लागली.

त्या वर्षी डॅलस शहरातल्या एका माणसाने टपालाने दोन हत्यारं मागवली. एक रिव्हॉल्व्हर लॉस एंजेलिसच्या दुकानातून, २९ डॉलर ९५ सेंटला. दुसरी रायफल शिकागोच्या दुकानातून. मासिकातली जाहिरात बघून, कूपन भरून, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट आणि वर दीड डॉलर हशील. सगळे मिळून २१ डॉलर ४५ सेंट. नाव लिहिलं ए. हिडेल आणि पत्ता दिला टपालपेटी क्रमांक २९१५, डॅलस. रिव्हॉल्व्हर खासगी रेल्वे एक्स्प्रेस कंपनीतून आलं, कारण टपालाला ते वर्ज्य होतं. रायफल सरकारी टपालातूनच आली, कारण लांब बंदुकीला मनाई नव्हती. त्या माणसाचं खरं नाव ली हार्वे ऑस्वाल्ड. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्या रायफलीने राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचा बळी घेतला आणि त्याच दिवशी त्या रिव्हॉल्व्हरने टिपिट नावाच्या पोलिसाचा.

यात विकणाऱ्यांनी, वाहणाऱ्यांनी त्या वेळच्या कायद्याविरुद्ध काही केलं होतं असं नाही. कूपन आलं, पैसे आले, माल गेला. 'ए. हिडेल' म्हणजे कोण, हे विचारायचं काम कायद्याने कोणावर सोपवलेलंच नव्हतं.

टपालाने येणाऱ्या बंदुकांची चौकशी सिनेटर थॉमस डॉड या हत्येच्या आधीपासून करत होते. ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांनी विधेयकही मांडलं होतं. हत्येनंतर ते लगेच मंजूर होईल असं वाटलं असेल कोणाला, तर तसं झालं नाही. पाच वर्षं ते रखडलं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींना. त्यानंतर २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. नोंदणी आणि परवान्याची त्यांची मागणी संसदेने मानली नव्हती. पण टपालाची वाट बदलली.

कशी बदलली, ते सोप्या शब्दांत सांगतो. दुसऱ्या राज्यातली बंदूक थेट तुमच्या घरी येणार नाही. ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे येईल. तिथे तुम्ही स्वतः जायचं, ओळखपत्र दाखवायचं, एक फॉर्म भरायचा. त्या फॉर्मचा क्रमांक ४४७३. तुम्हाला पूर्वी शिक्षा झाली आहे का, वगैरे प्रश्नांची उत्तरं लिहून खाली सही करायची. परवानाधारकाकडून लांब बंदूक घ्यायची तर वय अठरा, पिस्तुलासाठी एकवीस. नोव्हेंबर १९९८ पासून तो विक्रेता केंद्राच्या नोंदींमधून तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो. म्हणजे आज तुम्ही बंदूक संगणकावरून विकत घेतलीत तरी शेवटच्या टप्प्यावर एक माणूस तुमचा चेहरा बघतो. ऑस्वाल्डच्या वेळी नव्हता तो हाच माणूस.

वाहणाऱ्यालाही नियम आहेत, आणि त्यातला एक मला फार आवडतो. परवाना नसलेल्या माणसाकडे बंदूक जाणार असेल तर पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला तसं लेखी कळवायचं. पण पार्सलाच्या बाहेर 'आत बंदूक आहे' अशी चिठ्ठी लावायला वाहतूकदाराने सांगायचं नाही. तशी सक्ती करायला कायद्यानेच मनाई आहे, कारण चिठ्ठी वाचून चोर शहाणा होईल. नेणाऱ्याला माहीत असावं, बघणाऱ्याला नसावं. आणि पोचवताना घेणाऱ्याची लेखी पोच घ्यावी.

बंदुकीवर आणखी एक कर आहे, तो बनवणारा किंवा आयात करणारा भरतो. लांब बंदुका आणि काडतुसांवर अकरा टक्के, पिस्तुलांवर दहा टक्के. १९३७ सालच्या एका कायद्यापासून हा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवण्याची पद्धत पडली. हरणं, बदकं, पाणथळ जागा यांच्या रक्षणाला काडतुसांचा पैसा! ऐकायला विचित्र वाटतं, पण तिथल्या कितीतरी जंगलांना या पैशाने हात दिला आहे. कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून स्वतःचा आणखी अकरा टक्के कर लावला. तो हिंसाचार रोखण्याच्या कामांसाठी आहे.

बंदुकीचं असं. आता तंबाखूकडे वळू. इथे प्रश्न जरा वेगळा आहे. बंदुकीच्या बाबतीत सरकार विचारतं, घेणारा कोण? तंबाखूच्या बाबतीत आधी विचारतं, कर कुठे भरला?

अमेरिकेत वीस सिगारेटींच्या पाकिटावर केंद्राचा कर १ एप्रिल २००९ पासून एक डॉलर एक सेंट आहे. तो देशभर सारखा. त्यावर राज्याचा कर चढतो, आणि तिथे जमीन-अस्मानाचा फरक. मिसुरी राज्यात पाकिटामागे सतरा सेंट. व्हर्जिनियात साठ सेंट. न्यू यॉर्क राज्यात सप्टेंबर २०२३ पासून पाच डॉलर पस्तीस सेंट. न्यू यॉर्क शहरात वर आणखी दीड डॉलर.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. गोव्यातली स्वस्त दारू लपवून आणणाऱ्या गाड्या सिंधुदुर्गात पकडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' लिहिलेलं असतं, पण बाटलीला वाचता येत नाही. कराच्या फरकाचा उतार तयार झाला की माल पाण्यासारखा त्या बाजूला वाहतो. व्हर्जिनिया ते न्यू यॉर्क हा तसाच एक प्रसिद्ध उतार. हिशेब करा. पाकिटामागे राज्यकराचा फरक पावणेपाच डॉलर. दहा पाकिटांचा एक कार्टन, म्हणजे साडेसत्तेचाळीस डॉलर. गाडीत असे पाचशे कार्टन भरले तर एका खेपेत तेवीस हजार साडेसातशे डॉलर. यात विष नाही, गोळीबार नाही, नुसता फरक खिशात घालायचा. म्हणून केंद्राने कर न भरलेल्या सिगारेटींच्या मोठ्या साठ्याला १९७८ साली गुन्हा ठरवलं. आधी साठ हजार सिगारेटींच्या वरचा साठा पकडायचे, २००६ पासून मर्यादा दहा हजारांवर आणली. दहा हजार म्हणजे पन्नास कार्टन. गाडीच्या डिकीत सहज बसतात.

पण गाडीने नेणाऱ्याला निदान रस्त्यात अडवता येतं. टपालाने मागवणाऱ्याचं काय?

हा प्रश्नही जुना आहे. १९४९ साली 'जेन्किन्स कायदा' झाला. दुसऱ्या राज्यात सिगारेटी पाठवणाऱ्याने गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि मालाची संख्या त्या राज्याच्या करखात्याला कळवायची. म्हणजे ते खातं गिऱ्हाइकाकडून कर मागेल. कायदा छान होता, फक्त विक्रेते कळवत नसत. पुढे इंटरनेट आलं आणि स्वस्त सिगारेटींची शेकडो दुकानं संगणकाच्या पडद्यावर उघडली. कर नाही, आणि वयाची विचारपूस म्हणजे 'मी अठरा वर्षांचा आहे' या चौकटीत टिचकी मारायची. बारा वर्षांच्या पोरालाही टिचकी मारता येते.

मग राज्यांनी वाहणाऱ्याला धरायचं ठरवलं. २००५-०६ मध्ये न्यू यॉर्कच्या महाधिवक्त्याने डीएचएल, यूपीएस आणि फेडएक्स या मोठ्या कुरिअर कंपन्यांकडून करार लिहून घेतले, की घरोघरी सिगारेटी पोचवणार नाही. मेन राज्याने तर कायदाच केला, की वाहतूकदाराने पार्सल तंबाखूचं आहे का ते ओळखून ठरावीक पद्धतीनेच पोचवावं. वाहतूकदारांची संघटना न्यायालयात गेली. फेब्रुवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मेनचा तो कायदा रद्द केला. वाहतुकीच्या सेवेचे नियम केंद्राने ठरवायचे, पन्नास राज्यांनी पन्नास तऱ्हेने नाहीत, असा निकाल. हेतू चांगला असला तरी अधिकार लागतो, हे त्यातून दिसलं.

मग केंद्रच पुढे आलं. ३१ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केली त्या कायद्याला 'पॅक्ट' म्हणतात. अंमल सुरू झाला २९ जूनला. सिगारेटी आणि धूरविरहित तंबाखू सरकारी टपालाला वर्ज्य झाली, थोडे अपवाद सोडून. सिगार या कायद्यातून वगळले. खासगी मार्गाने पाठवायचं तर विक्रेत्याने ज्या राज्यात माल जाणार तिथे नाव नोंदवायचं, दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत तपशील द्यायचा, आणि माल पाठवण्याआधी तिथला कर भरायचा. पार्सल दहा पौंडांहून जड नको. वर स्पष्ट लिहायचं, की आत तंबाखू आहे आणि कर भरावा लागतो. बंदुकीच्या पार्सलाच्या अगदी उलट! आणि दाराशी प्रौढ माणसाने सरकारी ओळखपत्र दाखवून सही केल्याशिवाय पार्सल द्यायचं नाही. नियम मोडणाऱ्या विक्रेत्यांची यादी निघते. यादीत नाव आलं की वाहतूकदाराने त्याचा माल उचलायचा नाही.

इथे आपल्याकडच्या माणसांनाही एक सूचना. मुलगा न्यू जर्सीत, आणि त्याच्यासाठी किंवा तिथे राहायला गेलेल्या आजोबांसाठी लोणच्याच्या बरणीशेजारी जर्द्याची पुडी किंवा तपकिरीची डबी टपालाच्या पार्सलात सरकवावी असं कोणाच्या मनात आलं, तर सरकवू नये. तोंडात धरायची किंवा नाकात ओढायची तंबाखू, पान असो वा पूड, 'धूरविरहित तंबाखू'तच येते.

या कायद्याचा फटका कोणाला बसला, तेही सांगायला हवं. न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिमेला सेनेका या मूळ रहिवासी जमातीची भूमी आहे. जुन्या करारांचा आधार देऊन ते म्हणतात, आमच्या भूमीवर राज्याचा कर नाही. टपालाने सिगारेटी विकणं हा तिथल्या बऱ्याच कुटुंबांचा रोजगार होता. त्यांच्यातले विक्रेते न्यायालयात गेले. जिथे आपण कधी पाऊल ठेवलं नाही त्या राज्याचा कर आधी भरण्याच्या अटीला न्यायालयाने तूर्त स्थगिती दिली, पण टपालबंदी टिकली. कराराने दिलेला शब्द आणि कायद्याने घातलेली अट यांच्या मध्ये माणसं सापडली की त्यांचं काय होतं, हे आदिवासींच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

आणि वाहणाऱ्यांचं? करारावर सही करून काम संपत नाही, हे पुढे दिसलं. २०१७ साली न्यू यॉर्कमधल्या केंद्रीय न्यायालयाने यूपीएसला सुमारे २४ कोटी ७० लाख डॉलर भरायला सांगितले. कर न भरलेल्या सिगारेटींची पार्सलं जात आहेत याच्या खुणा समोर असताना कंपनीने डोळेझाक केली, असा ठपका होता. २०१९ साली अपिलात ही रक्कम निम्म्याहून कमी झाली, पण मुद्दा उरला. 'आम्ही फक्त पोचवतो, आत काय आहे ते आम्हाला काय ठाऊक', हे उत्तर यापुढे चालणार नव्हतं.

कायदा एक खिडकी लावतो तोवर बाजार दुसरी उघडतो. पॅक्ट कायद्यात ई-सिगारेट नव्हती. ती पोरांच्या दप्तरात पोचली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये तिलाही कायद्यात ओढलं, आणि ऑक्टोबर २०२१ पासून टपालाने तिच्यासाठी दार लावलं. बंदुकीचंही तसंच. अखंड बंदूक पार्सलाने येत नाही ना, मग सुटे भाग येऊ लागले. घरी बसून जोडा, तयार झालेल्या हत्याराला क्रमांक नाही, मालकाची चौकशी नाही. लोक त्याला 'भुताची बंदूक' म्हणू लागले. २०२२ साली सरकारने नियम केला, की सहज जोडता येणारा संच म्हणजे बंदूकच. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो नियम उचलून धरला.

मला वाटतं, या सगळ्या कायद्यांची दिशा एकच आहे. १९२७ साली कायदा टपाल कचेरीत बसला होता. १९३४ साली तो कराच्या वहीत गेला. १९४९ साली त्याने विक्रेत्याला पत्र लिहायला सांगितलं. १९६८ साली तो विक्रेत्याच्या काउंटरमागे उभा राहिला आणि २०१० साली घेणाऱ्याच्या उंबऱ्याशी आला. दरवेळी तो एका जिवंत माणसाच्या आणखी जवळ सरकला, कारण कागदावरचं नाव खोटं असू शकतं आणि टिचकी कोणीही मारू शकतो. शेवटी विचारायचं असतं ते माणसानेच माणसाला.

आता जरा त्या शेवटच्या माणसाचा विचार करा. तपकिरी गाडीतून उतरलेला, हातात जड खोका, दिवसभरात शेकडो दारं गाठायची आहेत, घड्याळ मागे लागलेलं. दार उघडतं, समोर सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. म्हणतो, बाबा आंघोळीला गेलेत, मी सही करतो. संसदेतली भाषणं, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, कोट्यवधींचे दंड, हे सगळं त्या क्षणी त्या एका पगारदार माणसाच्या तोंडून निघणाऱ्या वाक्यावर येऊन थांबतं. तो 'ओळखपत्र दाखव' म्हणाला तर कायदा आहे. तो 'घे, कर सही' म्हणाला तर कायदा पुस्तकात आहे.

आपल्या दारीही आता रोज पार्सलं येतात. आणणारा पोरगा घाईत असतो, आपणही घाईत असतो. त्याने थांबून नाव विचारलं, आकडा मागितला, तर आपण कपाळाला आठ्या घालतो. घालू नयेत. विचारणं हेच त्याचं काम आहे, आणि अशा न विचारलेल्या एका प्रश्नाची किंमत एका देशाने फार जबर मोजली आहे.